आज माझा उपास आहे

गव्हानं ज्याचं पोट बिघडतं अशा माणसाला देशभरच्या बिस्किटांच्या कारखान्यांत हिंडण्याचा पगार मिळतो, आणि तो माणूस मी आहे.

भोसरीत आमची कंपनी पॅकिंगची मशिनं बनवते. एका बाजूनं बिस्किटं रांगेत येतात, फिल्म त्यांना गुंडाळते, गरम जॉ दोन्ही टोकं चिकटवतात आणि पलीकडे पुडे पडत राहतात. मग एखाद्या दिवशी सील लीक मारायला लागतं किंवा छपाई सरकून ब्रँडचं नाव पुड्याच्या पाठीवर जातं. तसं झालं की आमच्याकडे फोन येतो, आणि रात्रीच्या गाडीनं मी निघतो. जिथे पोचतो तिथे मैद्याची पोती छताला टेकलेली असतात, हवेत पीठ तरंगत असतं, आणि निघताना प्लँटमधली मंडळी प्रेमानं बिस्किटांचा एक अख्खा बॉक्स हातात देतात.

माझ्या आजाराचं नाव सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की माझं शरीर शत्रू आला असं समजून लढाई सुरू करतं आणि त्यात स्वतःच्याच आतड्याचे अंकुर कापून काढतं. अंकुर गेले की लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही, माणूस खातो आणि वाळतो. कित्येक वर्षं माझ्या या त्रासाला घरात ‘पित्त’ म्हणायचे. आमच्याकडे ज्याला नाव नाही ते सगळं पित्तच असतं. हिमोग्लोबिन कितीही गोळ्या घेतल्या तरी वर येईना तेव्हा एका डॉक्टरांनी रक्तातली टीटीजी तपासणी करायला लावली, मग दुर्बीण आत घालून आतड्याचा तुकडा काढला, आणि निदान झालं. गहू आयुष्यभर बंद. औषध नाही, पथ्य हेच औषध.

“काम काय करता?” त्यांनी सहज विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

ऑफिसात मी खातं बदलून मागितलं. साहेब म्हणाले, “डिटर्जंटच्या मशिनवर टाकू का? पण तिथे जो आहे त्याला साबणाच्या वासानं शिंका येतात, तरी तो बिचारा काही बोलत नाही.” यापुढे बोलणंच खुंटलं. तेव्हापासून मी प्लँटमध्ये मास्क लावून काम करतो, कारण हवेतलं पीठ तोंडात जातं आणि तोंडातलं पोटात. करोनापूर्वी मास्कबद्दल लोक विचारायचे. आता कुणी विचारत नाही.

पण आजार मास्कनं झाकला तरी भूक झाकत नाही. नोकरदार माणसाला फिरतीवर दिवसातून तीनदा कुणाच्या तरी हातचं खावं लागतं, आणि त्या हाताला बहुधा कणीक लागलेली असते.

सुरुवातीला मी खरं बोलून पाहिलं. खरं बोलण्याचा पहिला परिणाम म्हणजे सल्ला. मी “गहू चालत नाही” म्हटलं की टेबलावरच्या प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. “खपली गहू खा, त्यानं काही होत नाही.” हा सल्ला मला सांगलीपासून बेळगावपर्यंत प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी काहीतरी नवीन सांगतोय अशा चेहऱ्यानं मिळालेला आहे. खपली हा गहूच, त्यात ग्लुटेन आहे, हे मी समजावून सांगितलं की समोरचा म्हणतो, “पण तो जुना आहे ना!” मग देशी गाईचं तूप. मग सकाळी उठल्यावर कोमट पाणी. मग “आमचे आजोबा गहू खाऊन नव्वदीपर्यंत जगले.” मी त्यांच्या आजोबांबद्दल आनंद व्यक्त करतो. आणि शेवटी तो सार्वत्रिक प्रश्न: “थोडंसं खाल्लं तर काय होतं?”

थोडंसं म्हणजे किती, याला आकडा आहे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे एखाद्या पदार्थावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. प्लँटमधल्या क्वालिटीवाल्यांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. किलोमागे मिलिग्रॅम म्हणजे पीपीएम, आणि पीपीएम ही त्यांची भाषा. ते उत्साहानं विचारतात, सँपल कसं काढता, टेस्ट किट कुठलं. मग आम्ही एकत्र कँटीनमध्ये जातो आणि तिथले काका ज्या झाऱ्यानं पुऱ्या काढल्या त्याच झाऱ्यानं माझ्या ताटात भात वाढतात. क्वालिटीवाल्यांना त्यात काही वावगं दिसत नाही. त्यांचं पीपीएम प्लँटच्या दारात संपतं.

हॉटेलात तर याहून मजा. सोलापूरच्या वाटेवर एका हॉटेलात मी निर्धास्त होतो. सगळा ज्वारीचा मुलुख. तरी विचारलं, “भाकरी ज्वारीचीच ना?”

“साहेब, शंभर टक्के ज्वारी. फक्त मोडू नये म्हणून मूठभर कणीक घालतो.”

आणखी एका ठिकाणी वेटरनं माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, आत गेला, आणि परत येऊन म्हणाला, “गहू नाहीये साहेब, संपलाय. मैद्याची रोटी देऊ?”

कोकणात तरी सुख असेल म्हणून गेलो. भात, तांदळाची भाकरी, घावन, सोलकढी, सगळं माझ्या बाजूचं. सुरमई मागवली तर ती रव्यात घोळवून तळलेली. पुढच्या वेळी बजावून सांगितलं, रवा नको, तांदळाचं पीठ लावा. लावलं, आणि मग त्याच तेलात सोडलं जिथे आधीची सुरमई रवा सांडून गेली होती.

पण या सगळ्यांपेक्षा घरभेदी निघाला हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरता येत नाही, म्हणून बाजारातला बांधणी हिंग डिंक आणि पीठ घालून सौम्य केलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आता मराठी स्वयंपाकात हिंगाशिवाय काय आहे ते सांगा. वरणात हिंग, आमटीत हिंग, गोड्या मसाल्यात हिंग, ताकात हिंग, पापडात हिंग. मेतकुटात तर हिंग आहेच, वर भाजलेला गहूही आहे. आजारी माणसाला मऊ भात आणि मेतकूट देणाऱ्या संस्कृतीत मी या आजारानं आजारी पडलो. शुद्ध हिंग येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. १५ ऑक्टोबर २०२० रोजी पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेनं हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी, भारतात हिंगाचं पहिलं रोप लावलं. देशानं त्या बातमीकडे परकीय चलनाच्या दृष्टीनं पाहिलं. मी वरणाच्या दृष्टीनं पाहिलं.

तर असा मी खरं बोलून उपाशी फिरत होतो. एकदा जालन्याकडे जाताना गाडी एका ढाब्यावर थांबली. वेटर आला. ग्लुटेनपासून सुरुवात करायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी हात झटकत म्हटलं, “काही नको. उपास आहे.”

तो ताठ झाला. फडकं खांद्यावर टाकून आत धावला, आणि आतून हाक ऐकू आली, “साहेबांना उपास आहे रे! वेगळ्या कढईत कर! चमचा धुऊन घे!”

वेगळी कढई. धुतलेला चमचा. निदान झाल्यापासून मी जे हात जोडून मागत होतो ते या माणसानं न मागता दिलं. साबुदाण्याची खिचडी आली, वर दाण्याचं कूट, बाजूला दही. गल्ल्यावरच्या मालकानं उठून विचारलं, “मीठ सैंधव घातलंय, चालेल ना?”

त्या खिचडीपाशी बसून मी उपासाच्या यादीचा पहिल्यांदाच नीट विचार केला. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, दाणे, केळं, दूध. एकातही ग्लुटेन नाही. फोडणी तूप-जिऱ्याची, हळद नाही, मोहरी नाही आणि हिंग नाही! ज्या कुणी ही यादी केली त्याला माझ्या आतड्याची काहीही माहिती नव्हती, पण किलोमागे वीस मिलिग्रॅम वगैरे नियम करणाऱ्यांपेक्षा त्याची अंमलबजावणी जबरदस्त होती. उष्टं-खरकटं, सोवळं-ओवळं, उपासाचं भांडं वेगळं, उपासाचा विळा वेगळा. माझ्या आजीच्या ओट्यावर उपासाच्या कढईजवळ कणकेचा हात नेऊन दाखवा, मग कळेल.

आमच्या देशात आजार सांगितला की सल्ला मिळतो आणि व्रत सांगितलं की जेवण मिळतं. हे कळल्यापासून मी भाविक झालो.

अर्थात, रोज उपास करायचा म्हणजे वारांचं नियोजन आलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी संतोषी मातेचा करणारा मेकॅनिकल इंजिनिअर लोकांनी फारसा पाहिलेला नसतो, पण त्यामुळेच कुणी वाद घालत नाही. बुधवार मात्र अडचणीचा. बुधवारी मी पांडुरंगाचं नाव सांगतो आणि विषय बदलतो. एकादशी म्हणजे दिवाळी. त्या दिवशी अख्खं कँटीनच माझ्या बाजूला येतं आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ या न्यायानं मी दोन दिवसांचं पोट भरून घेतो. माझ्या फोनमध्ये कालनिर्णय आहे. सर्व्हिस व्हिजिटची तारीख ठरवताना मी आधी पंचांग बघतो आणि मग रेल्वेचं आरक्षण.

यात एक भानगड पुढे लक्षात आली. उपास हा सोडावा लागतो.

सोमवारचा उपास संध्याकाळी सुटतो. म्हणजे दुपारची खिचडी प्रेमानं देणारे लोक रात्री तितक्याच प्रेमानं पोळी-भाजी घेऊन येतात. मराठवाड्यातल्या एका प्लँटमध्ये संकष्टी होती. मी सकाळी तसं जाहीर केलं आणि मशिनच्या पोटात शिरलो. सर्व्होचा घोळ होता, रात्र झाली. एवढ्यात कँटीनचे मामा शॉप फ्लोअरवर आले. त्यांनी कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ पाहून ठेवली होती, बाहेर जाऊन चंद्रही पाहून आले होते, आणि त्यांच्या हातात ताट होतं. ताटात कणकेचे, तळणीचे, तुपानं चकाकणारे मोदक.

“साहेब, चंद्र दिसला. सोडा आता.”

रात्रपाळीचे सगळे ऑपरेटर भोवती उभे होते. मी मोदकांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि म्हणालो, “आमच्या घराण्यात संकष्टी दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला सोडतात.”

मामांनी ताट खाली ठेवून मला नमस्कार केला. आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाचा नमस्कार घेताना मला जे झालं ते सांगण्यासारखं नाही. पण मोदक टळले.

असं काही झालं की कीर्ती पसरते. प्लँटाप्लँटांतून माझ्याबद्दल बोललं जाऊ लागलं. काहींच्या मते मी कुठल्यातरी महाराजांचा अनुग्रह घेतलाय. काहींच्या मते माझी जमिनीची केस कोर्टात पडली आहे. एका परचेसवाल्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” सील लीक मारण्याचं कारण मला सापडलं की ते आता माझ्या कौशल्याच्या नावावर जमा होत नाही, पुण्याईच्या नावावर जमा होतं. पगारवाढीच्या बैठकीत याचा काही उपयोग होत नाही.

महाराष्ट्राबाहेर उपासाचे नियम बदलतात, पण देव मदत करतो. इंदूरला तर साबुदाण्याची खिचडी रस्त्यावर मिळते, सराफ्यात रात्री उशिरापर्यंत. उत्तरेत नवरात्राचे दिवस म्हणजे माझा सुगीचा काळ. कुट्टू, शिंगाडा, सामा, स्टेशनवरही व्रताची थाळी. गंमत अशी की उत्तरेत उपास नसतानाही थोडी सोय होते. तिकडे तिन्ही त्रिकाळ गहू, आणि हा आजारही तिकडे जास्त सापडतो. शंभरात साधारण एकाला असल्याचं तिथल्या पाहणीत दिसलेलं आहे. लुधियानाजवळच्या एका ढाब्यावर मी तोंड उघडताच सरदारजी म्हणाले, “गेहूं से एलर्जी? मेरे साले के मुंडे को भी है,” आणि मक्याची रोटी वेगळ्या तव्यावर टाकायला सांगून मोकळे झाले. एलर्जी हा शब्द वैद्यकशास्त्राला इथे मंजूर नाही. मला शंभरदा मंजूर आहे.

दक्षिणेत सगळ्यांना वाटतं मी मजेत असेन. इडली, डोसा, भात. पण सांबारात हिंग आहेच, आणि इडली म्हणजे तांदळाचीच असं धरून चालता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा बेंगळुरूच्या मावळ्ळी टिफिन रूम्सनं रव्याची इडली काढली असं सांगतात. आणि त्याच युद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. तेव्हा विलेम डिके नावाच्या तिथल्या बालरोगतज्ज्ञाच्या आधीच्या संशयाला बळ मिळालं: गहू गेल्यावर सीलिअ‍ॅकची मुलं सुधारतात, आणि पाव परतल्यावर पुन्हा बिघडतात. १९५०मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला आणि गहू हाच गुन्हेगार हे पक्कं झालं. म्हणजे एकाच युद्धानं तिकडे माझा आजार ओळखला आणि इकडे माझ्या इडलीत रवा घातला. मी दोन्ही बाजूंचा ऋणी आहे, पण समान प्रमाणात नाही.

डिकेंच्या आधी न्यूयॉर्कच्या सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी १९२४मध्ये अशा मुलांना केळी खायला घालायला सुरुवात केली होती. मुलं बरी व्हायची. श्रेय केळ्यांना गेलं. ताटातून पाव गेला होता याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. जळगावच्या बाजूला कॉल असला की मला त्या डॉक्टरांची आठवण येते. सगळ्या रस्त्यानं केळीच केळी, आणि रात्री मुक्कामी कळण्याची भाकरी आणि भरीत. खान्देशात मी उपास करत नाही.

पण देवावर किती भार टाकणार? म्हणून सामान सोबत असतं. लॅपटॉप, टूलबॉक्स, आणि तिसरी बॅग ‘किचन’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात राजगिऱ्याचे लाडू, ज्वारीच्या लाह्या, दाण्याची चटणी, मैदा नसलेल्या हिंगाची छोटी डबी, आणि हॉटेलच्या खोलीत गुपचूप भात लावायला एक विजेचा कुकर. हॉटेलवाल्यांना हे चालत नाही. मी न्हाणीघरात, एक्झॉस्ट फॅन लावून, दार बंद करून भात शिजवतो. भात शिजायला लागला की वास बाहेर जातो, आणि कॉरिडॉरमधून जाणारा कुणीतरी थबकतो हे मला दाराआडून कळतं. अकाउंट्सकडे पाठवलेली बिलं हा वेगळा अध्याय आहे. माझ्या प्रवासभत्त्यात ‘राजगिरा’ हा शब्द पाहून एकदा ऑडिटरनं लाल शाईत विचारलं होतं, ‘हे सुटे भाग कुठल्या मशिनचे?’

विमानात आधी सांगितलं तर ग्लुटेन नसलेलं जेवण देतात. त्यांच्या पुस्तकात त्याला जीएफएमएल अशी खूण आहे. तिकीट काढतानाच सांगावं लागतं. पण आमचे कॉल ‘लाइन बंद आहे, आत्ता निघा’ या जातीचे असतात, त्यामुळे ती खूण मी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ताटावर पाहिलेली आहे.

ही सगळी बॅग भरते ती घरी, आणि तिचं मूळ आमच्या गल्लीतल्या गिरणीत आहे. दूषितीकरण वगैरे शब्द गिरणीवाल्या काकांना ठाऊक नाहीत, पण शास्त्र पाठ आहे. कशावर काय दळायचं याची आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घटना लिहून ठेवलेली आहे: बाजरीवर गहू नको, काळा होतो, उपासाचं दळण सकाळी, जातं झाडून. माझ्या बायकोची स्वतःची नोकरी सकाळी नऊची. ती सातला गिरणीत उभी असते आणि आधी किलोभर तांदूळ दळून फेकायला लावते, मगच आमची ज्वारी जात्यात पडते. काकांनी एकदा विचारलं, “वहिनी, एवढं कडक कुणाचं?” ती म्हणाली, “ह्यांचं.” काकांना बॅंकेतलं, शाळेतलं, देवळातलं सगळं कडक माहीत होतं, हे नवीन होतं.

मधल्या काळात कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी इटलीत, बोलोन्याला पाठवलं. त्या भागात पॅकिंगची मशिनं बनवणारे इतके कारखाने आहेत की त्याला ‘पॅकेजिंग व्हॅली’च म्हणतात. पास्त्याच्या देशात, बोलोन्यासारख्या शेवयांच्या आणि तोर्तेलिनीच्या माहेरघरात माझं काय होणार म्हणून बायकोनं अर्धी बॅग लाह्यांनी भरली. पहिल्याच रात्री मी दबकत वेट्रेसला म्हटलं, “चेलियाको.” तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. आचारी बाहेर आला. वेगळं पातेलं, वेगळं पाणी, वेगळी चाळणी, हे सगळं त्यानं मला बोटांवर मोजून दाखवलं. तिथे २००५च्या कायद्यानं शाळा, दवाखाने, सरकारी कँटीन यांत मागेल त्याला ग्लुटेनविरहित जेवण द्यावं लागतं. रुग्णांना असं पीठ-पाव घ्यायला सरकार दरमहा पैसे देतं, आणि २०२३मध्ये सगळ्या मुलांची या आजारासाठी तपासणी करण्याचा कायदाही त्यांनी केला. मी गेल्या काही वर्षांतला पहिला पास्ता खाल्ला आणि लाह्या तशाच परत आणल्या.

तिथल्या सहकाऱ्यांनी विचारलं, भारतात कसं करतोस? मी उपासाची सगळी पद्धत सांगितली. सोमवार, मंगळवार, चंद्रोदय. त्यातला एक म्हातारा फोरमन बराच वेळ विचार करून म्हणाला, “म्हणजे तुमचं कायद्याचं काम देव करतो.” मी हो म्हणालो. बुधवारचं सांगितलं नाही.

आता त्या मराठवाड्यातल्या प्लँटची गोष्ट, तेच मोदकवाले मामा. तिथे नवी लाइन बसली, आमची तीन मशिनं. ती चालू करण्याआधी सत्यनारायण. आपल्याकडे मशिनला वीज लागते तसा सत्यनारायणही लागतो. मी टूलबॉक्स घेऊन पोचलो तर मामांनी मला थेट पुढच्या रांगेत बसवलं. प्लँटमधला सर्वांत भाविक माणूस मी, हे तिथे आता सिद्ध झालं होतं. सव्वा किलो रवा, सव्वा किलो तूप, सव्वा किलो साखर, केळी घालून शिजलेल्या शिऱ्याचा वास सगळ्या शेडमध्ये भरला होता.

गुरुजी कथा सांगत होते. ज्या अध्यायात कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावते आणि त्याची नाव बुडते, तो ते विशेष रंगवून सांगत होते. नाव बुडाली तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पंचामृताचा विचार करत होतो: दूध, दही, तूप, मध, साखर. ते चालेल. केळंही चालेल. पण शिरा? कुठल्या देवाचं नाव सांगून मी सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणणार? उपासालाही प्रसाद चालतो, हे मामांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

आरती झाली. प्रसादाचे द्रोण वाटायला सुरुवात झाली. मी टूलबॉक्स उचलून मशिनच्या मागे सरकलो. तिथे गुरुजी पाणी प्यायला आले होते.

“या,” ते म्हणाले. “तुमच्याबद्दल बरंच ऐकलंय. सोम, मंगळ, गुरू, शनी, एकादशी, चतुर्थी. अहो, आम्हीसुद्धा इतके करत नाही.” त्यांनी तांब्या ठेवला. “साखर आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “गहू.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी झोळीतून पोथी काढली, चष्मा लावला, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. प्रसादाचं साहित्य: केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ. आणि पुढच्याच ओळीत, गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं घ्यावं.

“शास्त्रात सोय आहे,” गुरुजी म्हणाले. “पुढच्या वर्षी मामांना सांगतो, तुमच्यापुरता तांदळाच्या रव्याचा करा, वेगळ्या कढईत.” त्यांनी माझ्या हातावर पळीभर तीर्थ घातलं आणि एक केळं दिलं. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

“पण उपास नाही हे इथे कुणाला बोलू नका हं. खिचडी बंद होईल. मी गुरुवारी इथे येतो, मलाही तीच मिळते.”